परटीण पाण्यात मरत नाही

मी लग्न होऊन दिवेआगरला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत चार लुगडी, एक आरसा आणि सातवीच्या फायनलचं सर्टिफिकेट होतं. लुगडी आळीतल्या बायकांनी उलगडून पाहिली, आरशात दोघीचौघींनी तोंडही पाहून घेतलं. सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही आणि मीही दाखवलं नाही. देश स्वतंत्र होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे हे मुंबईला गोदीत नोकरीला होते. शिमग्याला आणि गणपतीला यायचे, चार दिवस राहायचे आणि जायचे. बाकी वर्षभर घरात सासूबाई, मामंजी आणि मी, आणि घरामागं पोफळीची वाडी.

वाडीतली सुपारी महिना-दीड महिना उन्हात वाळली की ती सोलायला आळीतल्या दहा-बारा बायका आमच्या पडवीत जमायच्या. संक्रांतीनंतर सुरू झालेलं हे काम पार वैशाखापर्यंत चालायचं. दुपारची जेवणं उरकली की जी ती आपापला पाट आणि पातं घेऊन बसे. पात्याच्या टोकानं साल उचकटायची, आतली सुपारी टोपलीत टाकायची, साल मागं भिरकवायची. हात चालले की तोंडं चालायची, आणि तोंडं चालली की भांडणं ठरलेली. माझ्या पहिल्याच हंगामात दोघींचं इतकं जुंपलं की एकीनं टोपली लाथेनं उडवली. सासूबाई वैतागून मला म्हणाल्या, "तुला वाचता येतं ना? मग वाच काहीतरी. यांची तोंडं तरी बंद होतील."

माझ्या सर्टिफिकेटचा पहिला उपयोग हा असा झाला.

मामंजी कामासाठी श्रीवर्धनला जायचे. सासूबाईंनी त्यांना तिथल्या वाचनालयातून एखादी पोथी आणायला सांगितली. मामंजींनी जे पहिलं हाताला लागलं ते आणलं. ती निघाली एका अद्भुत कादंबरीचा पहिला भाग. सात बेटांचं राज्य, हद्दपार झालेला राजपुत्र, माणसाच्या भाषेत बोलणारे साप आणि ते राज्य गिळायला टपलेला एक मायावी जादूगार. सासूबाई म्हणाल्या, "हे कसलं बाड आणलंत?" पण मी पहिलं पान वाचलं आणि पडवीत अशी शांतता पसरली की पलीकडच्या विहिरीवरचा रहाट ऐकू यायला लागला. त्या दिवशी कुणी भांडलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी वेळेच्या आधी हजर होत्या.

तीन हंगामांत आम्ही चौदा भाग संपवले. लेखक अजून लिहीतच होता. मामंजी प्रत्येक खेपेला पुढचा भाग आणायचे आणि तो माझ्यासमोर असा टाकायचे की जणू पेंड आणून टाकली. त्यांना या फालतू बाडात रस नाही, हे त्यांनी दहा वेळा सांगितलं होतं. दुपारी ते आत माजघरात आडवे व्हायचे आणि घोरायचे. पण मी रंगात आले की आतलं घोरणं थांबायचं. हे सासूबाईंच्याही लक्षात आलं होतं, पण आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही.

बहुतेक बायकांना राजपुत्र आवडायचा. देखणा होता, शूर होता, आणि दर दुसऱ्या भागात जखमी व्हायचा. मला तो कधीच आवडला नाही. आयतं ताट समोर आल्याशिवाय त्याच्या हातून काही होत नसे. माझा जीव जडला होता तो परटिणीवर.

ती जादूगाराच्या किल्ल्यातली परटीण. पहिल्या भागात ती फक्त एकदा येते, गाठोडं घेऊन दारातून जाते, बस. पण हळूहळू कळत जातं की किल्ल्यातलं सगळं तिला ठाऊक आहे, कारण किल्ल्यातल्या सगळ्यांचे कपडे तिच्याकडे येतात. सेनापतीच्या धोतराला लागलेल्या चिखलावरून तो काल कुठल्या वाटेनं गेला हे ती सांगायची. कुणाच्या अंगरख्यावर रक्त आहे आणि कुणाच्या पदराला काजळाचे डाग आहेत, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोरीवर तीन लाल लुगडी एकाशेजारी एक वाळत घातली की बाहेरच्या माणसांनी समजायचं, आज मागचं दार उघडं आहे. तिच्याकडे तलवार नव्हती, मंत्र नव्हता. रिठ्याची पिशवी होती आणि दगड होता.

सातव्या भागात तिनं जो पराक्रम केला त्याला तोड नाही. जादूगाराचा एक शेला होता, तो पांघरला की तो अदृश्य व्हायचा. एके दिवशी तो शेला चुकून धुण्यात आला. परटिणीनं ओळखलं. तिनं तो रिठ्यात भिजवला, दगडावर असा धोपटला, असा धोपटला, की सगळी जादू फेस होऊन मोरीतून वाहून गेली. मग घडी घालून परत पाठवला. जादूगार तो पांघरून शत्रूच्या दरबारात शिरला आणि ऐन दरबारात सगळ्यांना दिसत मधोमध उभा राहिला. त्या दुपारी आमच्या पडवीत इतकं हसणं झालं की एकीचं बोट कापलं. त्यानंतर कितीतरी दिवस आळीत कुठं दोन लाल लुगडी वाळत दिसली की बायका म्हणायच्या, "तिसरं टाक, मागचं दार उघडू दे."

मला ती का आवडायची ते तेव्हाच नीट कळत होतं. मीही नवी सून, घरातली धुणी माझ्याकडे होती. आपल्यासारखं काम करणाऱ्या बाईवाचून एवढं मोठं राज्य अडतं, हे कुठंतरी छापून आलंय, याचाच मला केवढा अभिमान वाटायचा. धुताना मी कपडे जरा जोरातच आपटायची.

परटिणीची माझ्याइतकीच वेडी आणखी एकच बाई होती. ती आमच्यातली सगळ्यात म्हातारी, खालच्या आळीतली. डोळ्यांत मोतीबिंदू, तोंडात दोन दात, पण सुपारी सोलण्यात पहिला नंबर. नुसत्या बोटांनी चाचपून सोलायची. सगळ्या तिला आजी म्हणायच्या आणि वचकून असायच्या. नजर गेली होती तरी कान भलते तिखट होते. एकदा राजपुत्र अरण्यात शिरला आणि लेखकानं पाच पानं नुसती झाडांची वर्णनं केली. मला कंटाळा आला. मी दोन पानं गुपचूप उलटली आणि पुढं वाचायला लागले.

आजीनं हात थांबवला. "मधलं काय गिळलंस गं?"

"काही नाही, आजी."

"पान दोनदा वाजलं. मला काय कान न्हाय व्हय?"

मला मागं जाऊन सगळी झाडं वाचावी लागली. त्यानंतर मी तिच्यासमोर एक ओळ गाळली नाही.

चौदावा भाग संपला तो चैत्रात. जादूगाराला परटिणीचं सगळं कळलं. त्यानं तिला बुरुजावर नेलं आणि धुण्याच्या गाठोड्यासकट खालच्या डोहात ढकललं. तो डोह असा की त्यात पडलेलं कुणी वर येत नसे. पाणी पुन्हा सपाट झालं, वर एक रिठ्याची पिशवी तेवढी तरंगत राहिली. भाग संपला.

मला शेवटची ओळ धड वाचता आली नाही. पडवीत दोघीतिघी डोळे पुसत होत्या. एक म्हणाली, "गेली बिचारी." दुसरी म्हणाली, "चांगल्याचं असंच होतं."

आजी खवळली. "गेली म्हणं! कुणी पायलं? मढं मिळालं काय? परटीण पाण्यात मरते व्हय? जल्म पाण्यात गेला तिचा." मग जरा थांबून म्हणाली, "गाठोडं होतं ना तिच्यासंगं? ओल्या धोतराची दोन टोकं धरून फटकारलं की त्यात वारा भरतो. त्याचा भोपळा व्हतो. आम्ही पोरी अशाच खाडीत पोहायचो. ती बुडली न्हाय. वाहत गेली आसंल खाली, नि जिथं पाणी उथळ तिथं लागली आसंल."

"पण पुस्तकात—"

"पुस्तक सरलं कुठं? पंधरावा आण."

पंधरावा भाग वाचनालयात नव्हता. मामंजींनी चौकशी केली तर तिथले गृहस्थ म्हणाले, छापून आलेलाच नाही, कधी येईल सांगता येत नाही. सुपारी संपत आली होती. आणि वैशाख लागता लागता आजीला ताप भरला.

मी तिला बघायला गेले तेव्हा ती खाटेवर पडून होती, चादरीवर बोटं अशी हलत होती की सुपारी सोलतेय असं वाटावं. मला आवाजावरून ओळखलं. "पंधरावा आला व्हय?"

"नाही आला, आजी."

"मंग थांबते मी."

तिसऱ्या दिवशी ती गेली. आयुष्यात दिलेला एवढा एकच शब्द तिनं मोडला असेल.

दहाव्या दिवशी समुद्राच्या कडेला पिंडदान झालं. पुरुष पुढं, आणि आम्ही बायका मागं सुरूच्या झाडांखाली उभ्या. भटजींनी पिंड मांडले, सगळे मागं सरले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. कावळे होते. उंडीच्या झाडावर पाचसहा बसले होते. एक खाली आला, पिंडाच्या हातभर अंतरावर उड्या मारल्या, मान वाकडी करून पाहिलं आणि परत झाडावर जाऊन बसला.

कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याचा जीव कुठंतरी अडकलाय. काय राहिलंय ते ओळखायचं आणि तसं वचन द्यायचं. आजीच्या मुलानं हात जोडले. "आये, शेळी विकणार न्हाय." कावळा हलला नाही. "धाकटीचं लगीन या वर्षी करतो." नाही. "तुझी विहिरीकाठची नारळी तोडत न्हाय." नाही. ऊन चढलं, वाळू तापली. शेवटी त्यानं खाली मान घालून सांगितलं, "आये, धाकट्याशी अबोला सोडला." धाकटा भाऊ समोरच उभा होता. सात वर्षं दोघं बोलत नव्हते. धाकटा पुढं आला, थोरल्याच्या पाया पडला, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. कावळा मात्र ढिम्म.

भटजींनी दर्भ हातात घेतले. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो शिववायचा असतो. लोकांना भुका लागल्या होत्या, सगळे म्हणाले, करा. मला ते बघवेना. आजीचं काय राहिलं होतं ते त्या किनाऱ्यावर मला एकटीला ठाऊक होतं, आणि तिला गवताच्या कावळ्यावर वाटेला लावत होते. मला राग आला. माझा राग वाईट आहे, अजूनही.

मी पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि झाडांखालून पुढं आले. "आजी," मी म्हटलं, "पंधरावा भाग मी आणीन. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवीन. एक पान गाळणार नाही."

पुरुषांच्या माना वळल्या. मामंजी पुढच्या रांगेत होते. ते न वळताच म्हणाले, "सूनबाई, आवाज खाली."

कावळा एक फांदी खाली आला. तिथंच बसला.

आता मात्र माझा तोल सुटला. मी ओरडले, "आणि ती मेलेली नाही! परटीण पाण्यात मरत नाही!"

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. नुसता शिवला नाही, चोच भरून घास घेतला. त्याच्यामागून बाकीचे उतरले.

मग भटजींनी दर्भ बाजूला ठेवले आणि "चला, आंघोळी करून घ्या" म्हणाले. आजीचा थोरला मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "वैनी, कोण परटीण?" मला हसू आलं आणि रडूही आलं. धाकट्याशी केलेला समेट फुकटच गेला असं तो पुढं बरीच वर्षं म्हणायचा, पण मोडला मात्र नाही.

घरी येताना मामंजी वाटेत थांबले. रागावले नव्हते, पण चेहरा गंभीर होता. "वचन दिलंस ते ठीक. पण ती मेली नाही असं तू पिंडासमोर छातीठोक सांगितलंस. ती खरंच मेलेली निघाली तर? मेलेल्या माणसाला खोटं सांगून वाटेला लावलंस असं होईल."

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "आता बोलून काय उपयोग? पुस्तक आणा, आणि निघू दे ती जिवंत."

पुढचे दहा महिने ते एक ओझंच होतं डोक्यावर. मी ह्यांना दर पत्रात लिहायची, पंधरावा भाग बघा. ह्यांचं उत्तर यायचं, दुकानात विचारलं, आला नाही. श्रीवर्धनच्या वाचनालयातल्या गृहस्थांनी मामंजींना सांगितलं, लेखकानं आता हे सगळं आवरतं घेतलंय म्हणे. वर असंही म्हणाले, "परटिणीचं काय घेऊन बसलात? अशी किरकोळ पात्रं लेखक विसरून जातात. पंधराव्यात तिचा उल्लेखही नसेल." मामंजींनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि स्वतःच चिडले. "किरकोळ म्हणे! वाचलंय का त्यानं?" त्या दिवशी मला पक्कं कळलं की माजघरात दुपारी कोणी झोपत नव्हतं.

पण त्या गृहस्थांचं बोलणं माझ्या मनातून जाईना. ती मेली असती तर मी रडले असते. ती नुसतीच विसरली गेली तर मी आजीला काय सांगणार होते? पाण्यावर तरंगणारी ती रिठ्याची पिशवी मला धुणं धुताना डोळ्यांसमोर दिसायची. मी खोटी ठरले तर पुन्हा त्या पडवीत तोंड वर करून वाचायला बसणार नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

हंगाम पुन्हा आला. बायका बसल्या. आजीच्या जागी तिचा पाट सासूबाईंनी स्वतः मांडला, त्यावर कुणी बसलं नाही. मी त्यांना जुने भाग पुन्हा वाचून दाखवत राहिले. सातवा भाग आला तेव्हा हसू आलं, पण गेल्या वेळसारखं नाही.

शिमग्याला हे आले. मुरूडपर्यंत बोटीनं, तिथून आगरदांड्याला, तरीच्या होडीनं दिघीला आणि पुढं चालत. ट्रंक डोक्यावरून उतरवून आधी तिच्यातून मेणकापडात बांधलेलं एक पुडकं काढलं. पंधरावा भाग होता. नव्या कागदाचा वास येत होता. दोरा मात्र पुन्हा बांधलेला होता.

"वाचून काढलंत तुम्ही," मी म्हटलं.

"बोटीत वेळ होता."

"एक शब्द बोलाल तर पुरणपोळी मिळणार नाही."

त्यांनी ओठ मिटले आणि खरोखरच काही बोलले नाहीत. चार दिवस राहिले, पुरणपोळ्या खाल्ल्या, होळीला नारळ वाहिला आणि माझ्याकडे बघून ना हसले ना तोंड पाडलं. एरवी इतके बडबडे, आणि इतके गप्प म्हणजे बातमी वाईटच असणार असं मी धरून चालले. शेवटचं पान उघडून बघायचा मोह मला दिवसातून दहा वेळा झाला. पण पहिल्या पानापासून म्हणून वचन दिलं होतं, आणि आजीचे कान मला ठाऊक होते.

हे गेले त्याच दुपारी मी वाचायला बसले. पहिल्या दिवशी राजपुत्राचा राज्याभिषेक. दुसऱ्या दिवशी सापांची सभा. तिसऱ्या दिवशी पुन्हा अरण्य, नऊ पानं. एक बाई कळवळून म्हणाली, "झाडं सोड ना गं, परटीण बघ." मी म्हटलं, "वचन दिलंय," आणि पानन् पान वाचलं. पुस्तक अर्ध्याच्या पुढं गेलं तरी तिचा पत्ता नव्हता. कुणी तिची आठवणही काढत नव्हतं. राजपुत्र तर मेजवानीत जेवत होता. मला त्या राजपुत्राचा इतका संताप आला की माझा आवाज बदलला, आणि सासूबाई म्हणाल्या, "पाणी पी."

सहाव्या दुपारी राजपुत्राचं सैन्य धुक्यात वाट चुकलं. दोन दिवस पाणी नाही. शेवटी कुठूनतरी वाहत्या पाण्याचा आवाज आला, आणि त्याच्याबरोबर आणखी एक आवाज, धप्, धप्, थांबून थांबून. मी तिथं क्षणभर थांबले. पडवीतली पाती थांबली होती. सगळा हंगाम मी कधी ती थांबलेली ऐकली नव्हती.

मी पुढं वाचलं. घोडे पाण्यात शिरले. आणि धुक्यातून एक बाई खेकसली, अरे मेल्यांनो, पाणी गढूळ करू नका, धुणं चाललंय इथं, खालच्या अंगाला न्या ती जनावरं!

तीच होती.

पडवीत असा ओरडा झाला की वाडीतली माकडं पळाली. एकीनं मूठभर सालपटं छपरापर्यंत उडवली. दोघीजणी, ज्या पहिल्या वर्षी टोपली उडवेपर्यंत भांडल्या होत्या, त्याच एकमेकींना मिठी मारून रडत होत्या. सासूबाई ओरडत होत्या, "गप बसा, गप बसा, कशी वाचली ते ऐकू द्या!" मी वाचलं. डोहात पडता पडता तिनं गाठोड्यातलं एक ओलं धोतर दोन्ही टोकांनी धरून फटकारलं होतं. त्यात वारा भरला. त्याचा भोपळा करून ती अंधारातून वाहत गेली आणि जिथं पाणी उथळ झालं तिथं काठाला लागली.

आता कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी त्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं. सही करता न येणारी एक म्हातारी, जिनं अख्ख्या जन्मात पुस्तक हातात धरलं नव्हतं, तिनं हे वर्षभर आधी आम्हाला सांगून ठेवलं होतं. लेखकाला तरी तोवर सुचलं होतं की नाही कोण जाणे.

मी उठले. "चला," मी म्हटलं.

"कुठं?"

"जिथं सांगितलं होतं तिथं."

बायका तशाच निघाल्या, लुगड्यांना सालपटं चिकटलेली, काहींच्या हातात पातीही राहिली होती. आळीतून समुद्राकडे चाललेला तो घोळका बघून लोक दारात आले. कुणी विचारलं, काय झालं? आमच्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "जिवंत हाय! परटीण जिवंत हाय!" त्यातल्या अर्ध्यांना काही कळलं नसणार, तरी तेही मागून चालायला लागले. आजीचे दोन्ही मुलगे आले, बरोबरच.

उंडीच्या झाडाखाली, जिथं पिंड मांडले होते, तिथं मी उभी राहिले. त्या जागेवर बाई कधी अशी पुढं येऊन उभी राहत नसे. समोर ओहोटीचा समुद्र होता. मी पुस्तक उघडलं. झाडावर पाहिलं, कावळा एकही नव्हता. कशाला येईल? आजीचं आता काही राहिलं नव्हतं. तरी दिलेला शब्द होता; आधीची पानं तिच्या पाटासमोर वाचून झाली होती, म्हणून मी त्या धुक्याच्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. वारा जोराचा होता, माझा आवाज मागच्या लोकांपर्यंत पोचेना.

लोकांच्या मागून मामंजी आले होते. दुपारची झोप अर्धवट टाकून, सदरा उलटा घालून, धापा टाकत ते घोळक्याच्या मागं येऊन थांबले आणि हात कानाला लावला.

"सूनबाई," ते म्हणाले, "आवाज वर. मागं ऐकू येत नाही."